सरपंच आणि भाऊसाहेब यांचं जमायचं असेल तर

ग्रामपंचायतीतली भांडणं पैशावरून होतात असं गावाला वाटतं. मला तसं दिसलं नाही. पैशाचा वाद मागाहून येतो, आधी येतो तो प्रोसिडिंगच्या वहीचा, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीचा. सभेत ठरलं एक आणि वहीत उतरलं दुसरं, की सरपंच आणि ग्रामसेवक यांच्यात पहिली फट पडते, आणि पुढचा सगळा संशय त्याच फटीतून आत येतो.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात ग्रामसेविका म्हणून लागले, पुढे ग्रामविकास अधिकारी झाले, आणि निवृत्तीच्या वेळी पंचायत समितीत विस्तार अधिकारी (पंचायत) होते. म्हणजे नोकरीच्या पहिल्या भागात मी टेबलाच्या एका बाजूला बसले आणि शेवटच्या भागात दोन्ही बाजूंच्या तक्रारींची चौकशी करत फिरले. चौकशीला गेलं की समोर दोन चांगली माणसं असायची. दोघांनाही गावासाठी काहीतरी करायचं असायचं आणि दोघंही एकमेकांच्या सावलीला उभी राहत नसायची. नव्या सरपंचांसाठी, सदस्यांसाठी आणि नुकत्याच नेमणूक झालेल्या मुलामुलींसाठी मी हे लिहिते आहे. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र होऊन 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव झालं, पण गावात अजून भाऊसाहेब, अण्णासाहेब, नाहीतर मॅडमच चालतं. मीही इथे ग्रामसेवकच म्हणते.

कुणाचं काय, ते आधी समजून घ्या

नव्या सरपंचाचा पहिला समज असा असतो की ग्रामसेवक आपल्या हाताखालचा माणूस आहे. नव्या ग्रामसेवकाचा समज असा की सरपंच पाच वर्षांचे पाहुणे आहेत, कायदा आपल्यालाच कळतो. दोन्ही समज पहिल्याच आठवड्यात काढून टाकावेत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 38 प्रमाणे पंचायतीचे ठराव अमलात आणायचा कार्यकारी अधिकार सरपंचाचा आहे. कलम 60 प्रमाणे ग्रामसेवक हा पंचायतीचा सचिव आहे. त्याची नेमणूक जिल्हा परिषद करते, रजा आणि गोपनीय अहवाल गटविकास अधिकाऱ्याकडे असतो. सरपंच त्याची बदली करू शकत नाही. आणि ग्रामसेवकही कोणत्या गल्लीचं काँक्रिटीकरण आधी करायचं ते ठरवू शकत नाही, तो पंचायतीचा निर्णय. मात्र त्या गल्लीचं अंदाजपत्रक, मान्यता, दरपत्रकं, बिल यांतला क्रम मोडला तर ते सांगायचं काम त्याचं आहे, आणि सरपंचाने ते ऐकायचं आहे.

शिवाय कायद्याने दोघांना एकत्रच बांधलं आहे. ठरलेल्या ग्रामसभा बोलावल्या नाहीत तर सरपंच अपात्र ठरू शकतो आणि सचिवावर निलंबनाची कारवाई होऊ शकते. मासिक सभा विनाकारण टाळल्या तर कलम 36 सरपंचाला लागतं. ग्रामनिधीतून पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतात. एकाने दुसऱ्याला पाडायचं ठरवलं तरी कागदावर दोघं शेजारीशेजारीच असतात. मी बऱ्याच सरपंचांना हे कलम उघडून वाचून दाखवलं आहे. तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

पहिला महिना

सरपंच निवडून आले की हार, गुलाल, सत्कार चालू असतात. ग्रामसेवकाने या गडबडीत एक दुपार मागून घ्यावी. दार बंद करून नको, कार्यालयातच आणि उपसरपंचांना सोबत घेऊन. जमलं तर मावळत्या सरपंचांनाही बोलवावं, चहाच्या निमित्ताने येतात. त्या दुपारी पंचायतीची खरी परिस्थिती मोठ्याने वाचायची. प्रत्येक खात्यात शिल्लक किती, नमुना 9 प्रमाणे, म्हणजे करमागणीच्या नोंदवहीप्रमाणे, घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी किती आणि थकबाकी किती, नळपाणी योजनेचं वीजबिल किती महिन्यांचं राहिलं आहे, कोणती कामं अर्धवट आहेत, लेखापरीक्षणाचे कोणते आक्षेप पडून आहेत.

हे वाचताना सरपंचांचा चेहरा उतरतो. उतरू द्यावा. प्रचारात पाणी, गटार, दिवे यांची आश्वासनं दिलेली असतात आणि खात्यात वीजबिलापुरतेही पैसे नसतात. पहिल्या महिन्यात हे कळलं तर सरपंच वसुलीसाठी ग्रामसेवकाबरोबर दारोदार फिरतात. आठव्या महिन्यात कळलं तर त्यांना वाटतं, भाऊसाहेबांनी आपल्यापासून लपवलं.

त्याच दिवशी बंधनाचे पैसे वेगळे करून दाखवावेत. 15व्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 पासून 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेली होती, उरलेली 40 टक्के अबंधित. स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. हे आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सरपंचांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवावेत. सभामंडप मागायला चारजण आले की सरपंच त्या कागदावर बोट ठेवून उत्तर देतात, आणि 'ग्रामसेवक पैसे सोडत नाही' ही तक्रार जन्मालाच येत नाही.

ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं असतात हेही पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. कोणत्या वारी कोणत्या गावात, किती वाजता, हे ठरवून फलकावर लिहावं. तालुक्याला बैठक निघाली तर आदल्या दिवशी सरपंचांना फोन करावा. सरपंचांना रागाने बोलताना मी ऐकलं आहे: "माणूस दाखल्यासाठी तीनदा येऊन गेलं, मी काय तोंड दाखवू?" त्या रागाचं कारण गैरहजेरीपेक्षा न कळवण्यात जास्त असतं.

तरुण ग्रामसेवकांना आणखी एक सांगते. 2 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाचं मानधन 2024 पर्यंत महिना 3 हजार होतं, मग 6 हजार झालं. तो माणूस आपली शेती, दूधधंदा, दुकान सोडून तुमच्यासमोर येऊन बसतो. त्याला सहीसाठी ताटकळत ठेवू नका. पंचायतीचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून, जिथे सही हवी तिथे चिठ्ठी लावून, ठरलेल्या वेळी एकदम समोर ठेवा. आणि कशावर सही होते आहे ते प्रत्येक कागदाला एका वाक्यात सांगा.

प्रोसिडिंग त्याच दिवशी

आता मुख्य गोष्ट. मासिक सभा झाली, चहा झाला, सदस्यांनी हजेरीच्या रकान्यात सह्या केल्या, सगळे उठले. खालची पानं कोरी. ग्रामसेवक म्हणतो, "सावकाश लिहितो." सावकाश म्हणजे महिनाअखेर, कधी पुढच्या सभेच्या आदल्या रात्री. तोवर त्याला नेमकं आठवत नसतं, सरपंचांनी मध्येच फोन करून एक विषय घालायला सांगितलेला असतो, आणि एखादा सदस्य 'माझ्या वॉर्डाचं आधी ठरलं होतं' म्हणून अडून बसलेला असतो. मी केलेल्या चौकश्यांत ग्रामसेवकाच्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा हाच निघायचा. ठराव खरा असला तरी तो मागाहून लिहिलेला आहे हे अक्षरावरून, शाईवरून, दोन ओळींत कोंबलेल्या शब्दांवरून दिसतं. मग खऱ्या ठरावावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्या सभेपासून करावा लागतो, कारण मध्येच सुरू केला तर 'आता काय झालं?' असा संशय येतो.

सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी प्रत्येक सदस्याच्या हातात पडली पाहिजे, पोच घेऊन. नोटिशीतले विषय सरपंच आणि ग्रामसेवक यांनी एकत्र बसून काढायचे. 'ऐनवेळचे विषय' हा मथळा ठेवावा लागतो, पण पैशाचा एकही विषय त्याखाली घ्यायचा नाही, असं दोघांनी आपसात ठरवून टाकावं. सदस्यांचा अर्धा राग ऐनवेळी आणलेल्या खर्चाच्या विषयावर असतो.

सभेत एक विषय संपला की तो तिथेच लिहायचा. चर्चा कितीही लांबली तरी ठराव चार ओळींचा असतो: काय ठरलं, किती रकमेपर्यंत, कोणत्या निधीतून, सूचक कोण, अनुमोदक कोण. विरोध असेल तर विरोध करणाऱ्याचं नाव आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ज्याचा विरोध वहीत नीट लिहिला जातो तो माणूस बहुधा तालुक्याला तक्रार घेऊन जात नाही. त्याला जिंकायचं नसतंच नेहमी, त्याचं म्हणणं नोंदलं गेलं पाहिजे एवढंच असतं.

लिहून झालं की ठराव मोठ्याने वाचायचा. कुणाला शब्द खटकला तर तिथेच खोडून, शेजारी सरपंच आणि सचिव दोघांच्या सह्या घेऊन दुरुस्त करायचा. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची, सरपंचांची सही, सचिवाची सही, आणि मगच उठायचं. याने सभा अर्धा-पाऊण तास लांबते. सदस्य कुरकुरतात, 'भाऊसाहेब, आम्हाला रानात जायचंय' म्हणतात. तीन-चार महिन्यांत सवय होते, आणि मग तेच सांगायला लागतात, "आधी वाचून दाखवा."

सरपंचांना माझं सांगणं: कोऱ्या पानावर सही करू नका, आणि ग्रामसेवकाला कोऱ्या पानावर कुणाची सही घ्यायला लावू नका. त्याने स्वतःहून मागितली तरी देऊ नका. तो लबाड असेलच असं नाही, बहुतेक वेळा तो कामाच्या ओझ्याखाली असतो. पण एकदा कोरं पान गेलं की तुम्ही दोघं एकमेकांच्या हातात सापडता, आणि त्यानंतर मोकळेपणाने बोलणं संपतं.

ग्रामसभेचंही हेच. नोटीस सात दिवस आधी, दवंडी किंवा स्पीकरवरून पुकारा, त्याआधी महिलांची सभा. 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी हवी. 26 जानेवारीला झेंड्याला आलेल्या माणसांच्या सह्या घेऊन मागाहून ग्रामसभा दाखवण्याची पद्धत काही गावांत आहे. ती बंद करायला ग्रामसेवक एकटा पुरत नाही. सरपंचांनीच म्हणायला हवं की गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करू. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे काम अडत नाही. खोट्या सह्या घ्यायचं कारणच उरत नाही.

नाही म्हणायचं ते कागदावर

सरपंचांनी काही सांगितलं आणि ते नियमात बसत नसेल, तर ग्रामसेवक तीन प्रकारे वागतो. एक, 'बघतो' म्हणून टाळतो. दोन, सगळ्यांसमोर 'असं होत नसतं' म्हणून तोडून टाकतो. तीन, करून टाकतो आणि लेखापरीक्षणात अडकतो. तिन्हींनी नातं बिघडतं, आणि सगळ्यात जास्त पहिल्याने, कारण सरपंच गावाला 'होतंय' म्हणून सांगून बसलेले असतात.

चौथी पद्धत म्हणजे टिपणी. आमच्याकडे चैत्रात यात्रांचा हंगाम असतो आणि जवळजवळ प्रत्येक गावात मंडपाचा आणि रोषणाईचा खर्च पंचायतीवर टाकायची मागणी येते. "मॅडम, आजवर होत आलंय की," हे वाक्य ठरलेलं. तोंडी वाद घालायचा नाही. एका कागदावर लिहायचं:

"विषय: यात्रेच्या मंडपाचा खर्च. मा. सरपंच यांनी मंडप व रोषणाईचा खर्च ग्रामनिधीतून करण्याबाबत सांगितले. चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात या खर्चास तरतूद नाही. यात्राकाळात पाणीपुरवठा, दिवाबत्ती व साफसफाई यांवरील खर्च करता येईल, त्यासाठी तरतूद शिल्लक आहे. मंडपाचा खर्च यात्रा समितीने लोकवर्गणीतून करावा, असे सुचविते. निर्णयार्थ सादर."

खाली तारीख आणि सही. सरपंचांनी त्याखाली आपलं मत लिहून सही करायची. या टिपणीत अडवणूक नाही हे बघा. काय होणार नाही ते एका ओळीत आहे आणि काय होऊ शकेल ते दोन ओळींत. सरपंच तो कागद घेऊन यात्रा समितीपुढे जाऊ शकतात. टँकर जास्तीचे, रस्त्यावरचे दिवे चालू, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी झाडलोट, एवढं पंचायत करते म्हटल्यावर माणसं ऐकतात. आणि सरपंचांनी तरीही 'मंडपाचा खर्च करावा' असं लिहिलं, तर तो त्यांचा निर्णय त्यांच्या सहीने कागदावर राहतो, ग्रामसेवकाने तो पुढच्या सभेपुढे ठेवावा.

टिपणी ही शस्त्र म्हणून वापरायची नाही हेही सांगते. दर गोष्टीला टिपणी काढणारा ग्रामसेवक सरपंचांना वकिलासारखा वाटायला लागतो. बल्ब बदलायला टिपणी लागत नाही. नियमाचा प्रश्न, पैशाचा प्रश्न किंवा कुणा नातेवाइकाचा प्रश्न, या तीन जागी काढावी.

सरपंचांच्या बाजूनेही एक पथ्य आहे. कुठल्याही ठेकेदाराला तोंडी 'काम सुरू कर, बघू आपण' म्हणायचं नाही. आराखड्यात कामाचं नाव, ठराव, कनिष्ठ अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, मग काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग बिल. यातला एक कागद मागे-पुढे झाला तर बिल अडतं, ठेकेदार सरपंचांच्या दारात येऊन बसतो आणि सरपंच ग्रामसेवकावर चिडतात. गटाराचं काम पूर्ण होऊन त्यातून पाणी वाहतं आहे आणि कार्यारंभ आदेशच नाही, अशी प्रकरणं माझ्यासमोर आली आहेत. अशा वेळी मागच्या तारखेचा आदेश काढ म्हणून ग्रामसेवकावर दबाव येतो. तिथे त्याने ठाम राहावं. आणि ज्या सरपंचांना हा माणूस पाच वर्षं आपल्याबरोबर हवा आहे, त्यांनी तो दबाव टाकू नये.

सह्या आणि डोंगल

यावर थोडक्यात. ऑनलाइन पेमेंटसाठी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्या डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणात असतात, आणि सोयीसाठी दोन्ही डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड चिकटवलेल्या कागदावर, असं चित्र मी पुष्कळ पाहिलं. डोंगल ज्याचा त्याने आपल्याकडे ठेवावा. पैसे सोडताना दोघांनी एका जागी बसावं, बिल, ठराव आणि मोजमाप समोर ठेवावं. महिन्यातून दोन ठरलेले दिवस पुरतात.

वसुलीची रक्कम आधी बँकेत, मग खर्च. पाणीपट्टीच्या जमा पैशातून परस्पर मोटार दुरुस्त करून आणली, पावती मागाहून, हे सगळीकडे चालतं आणि हेतू चांगलाच असतो. पण रोकडवही जुळत नाही, आणि न जुळलेली रोकडवही हाताशी असली की विरोधकाला दुसरं काही लागत नाही. दर महिन्याच्या सभेत जमाखर्च वाचून घ्यावा, सरपंचांनी स्वतः विचारावा.

सरपंचताईंच्या खुर्चीत सरपंचताई

महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमध्ये महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. तरी कित्येक गावांत कार्यालयात येतात ते त्यांचे पती, दीर किंवा मुलगा. हा प्रश्न देशभराचा आहे, केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने 2023 मध्ये त्यावर सल्लागार समितीही नेमली. पण गावात त्याचं उत्तर ग्रामसेवकाच्या वागण्यात असतं, असं माझं ठाम मत आहे. कागद पतीच्या हातात देऊन 'वहिनींची सही आणा' म्हणणारा ग्रामसेवकच सरपंच-पती तयार करतो. त्याला ते सोयीचं वाटतं. पुढे त्या पतीशी बिनसलं की हाच ग्रामसेवक तक्रार करतो, बाहेरचा माणूस हस्तक्षेप करतो म्हणून.

सुरुवातीपासून असं करावं. फोन सरपंचताईंच्याच नंबरवर. नोटीस त्यांच्याच हातात. सभेच्या आदल्या दिवशी त्यांच्यासोबत बसून प्रत्येक विषय वाचायचा, किती पैसे, कुठून, कुणाचा विरोध येईल, हे सांगायचं. वाचायला अडचण असेल तर दोनदा वाचायचं, घाई करायची नाही. सभेत विषयाची पहिली ओळ त्यांनीच बोलायची. पहिल्या सभेत आवाज कापतो, डोक्यावरचा पदर सारखा सावरला जातो. चौथ्या-पाचव्या सभेत त्याच बाई पाण्याच्या पाळीवरून सदस्यांना गप्प करताना मी पाहिल्या आहेत. बचत गट चालवलेल्या बायकांना हिशोबाची भीती नसते, ती ठराव, तरतूद, शीर्ष या कागदी शब्दांची असते, आणि ती समजावून सांगितली की जाते.

पती आलेच तर अपमान करू नये. "दादा, बसा, चहा घ्या, ताई आल्या की विषय घेऊ." दोन-तीनदा असं झालं की ते समजतात. न समजणारे असतात, त्यांच्यासाठी सरपंचताईंनीच एकदा घरी बोलावं लागतं. ते ग्रामसेवकाचं काम नाही.

दोन गटांच्या मध्ये

सरपंचाची थेट निवडणूक 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये पुन्हा आली. त्यामुळे सरपंच एका पॅनलचे आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं, असं अनेक गावांत होतं. तिथे ग्रामसेवकाची परीक्षा असते. सरपंच म्हणतात तू माझा, सदस्य म्हणतात तू आमचा.

त्याने दोन्हींपैकी कोणत्याच घरी जेवायला जाऊ नये, असं मी नव्यांना सांगायची. जेवण वाईट नाही, पण गावात कोण कुठे जेवलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माहिती मागितली तर दोन्ही गटांना सारखीच आणि सारख्याच वेळात द्यावी. सदस्याने बिल पाहायला मागितलं की सरपंचांकडे बघू नये, दप्तर कार्यालयात बसून दाखवावं. माहिती अधिकाराचा अर्ज येईपर्यंत वाट पाहिली तर एका कागदाच्या जागी पन्नास कागदांचा अर्ज येतो.

आणि सरपंचांनी, बहुमत नसेल तर, ज्या विषयावर गाव एक होतं तिथून सुरुवात करावी. आमच्या भागात तो विषय पाणी. मार्चमध्ये विहिरीने तळ गाठायच्या आत टँकरचा प्रस्ताव, योजनेच्या मोटारीची दुरुस्ती, गळती. यात कोणताही गट विरोध करत नाही. पहिली तीन कामं एकमताने झाली की चौथ्यावर भांडण झालं तरी सभा मोडत नाही.

शिपाई आणि पाणी सोडणारे

ग्रामपंचायतीत सगळ्यात जास्त बोलणी हेच खातात. सात सदस्यांच्या पंचायतीत पाणी सोडणाऱ्या माणसाला आठ जण हुकूम देतात. एक म्हणतो आमच्या आळीला आधी सोड, दुसरा म्हणतो वॉल बंद का केलास. त्याने कुणाचं ऐकायचं? पाळीचं वेळापत्रक सभेत ठरवून टाकीजवळ रंगवून लावावं. बदल करायचा तर सरपंचांनी ग्रामसेवकाला सांगायचं आणि ग्रामसेवकाने त्याला. सदस्यांनी थेट सांगायचं नाही. त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला निघतो की नाही हे सरपंचांनी स्वतः विचारावं. वसुली नाही म्हणून पहिल्यांदा थांबतो तो याचाच पगार, आणि मग तो गावाशी कसा बोलतो याची तक्रार आपण करतो.

नेमणूक करताना भाचा, पुतण्या नको. पंचायत आपले कर्मचारी नेमू शकते, कायदा तो अधिकार देतो. पण सरपंचांचा पुतण्या शिपाई झाला की ग्रामसेवक त्याला काम सांगू शकत नाही, आणि दप्तरातली प्रत्येक गोष्ट दुपारपर्यंत सरपंचांच्या ओसरीवर पोचते. पुढच्या निवडणुकीनंतर नवे सरपंच पहिल्याच दिवशी त्याला काढायला निघतात, आणि ग्रामसेवक कामगार न्यायालयाच्या तारखांना जात बसतो.

बिनसलंच तर

बोलणं बंद होणं हे पहिलं लक्षण. निरोप शिपायाकरवी जायला लागतात. त्या वेळी आठवडाभरात दोघांनी समोरासमोर बसावं, उपसरपंच किंवा दोघांना मान असलेला एखादा जुना सदस्य मध्ये घेऊन. समोर प्रोसिडिंग आणि रोकडवही उघडी ठेवावी. 'तुम्ही माझं ऐकत नाही' असं न बोलता 'या ठरावावर अजून काम का नाही' असं बोलावं. नाही मिटलं तर विस्तार अधिकाऱ्याला बोलवावं. त्याचं ते कामच आहे, पण लोक त्याला चौकशी लागल्यावरच आठवतात.

त्यानंतरही तक्रार करायची वेळ आली तर ती करावी, पण नीट. 'उद्धट वागणूक, मनमानी कारभार, तत्काळ बदली करावी' एवढ्या तीन शब्दसमूहांवर माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांतून काहीच निघायचं नाही. 'अमुक तारखेच्या सभेचा ठराव क्रमांक अमुक, त्यावर आजपर्यंत अंमलबजावणी नाही, दोनदा लेखी विचारलं, प्रती सोबत' असा अर्ज आला की मी त्याच आठवड्यात गावात जायची. ग्रामसेवकाच्या तक्रारीलाही हाच नियम.

काही गोष्टी दोघांनीही हत्यार म्हणून वापरू नयेत. ग्रामसेवक मुख्यालयी राहतो की नाही, याचा ग्रामसभेचा ठराव सरपंचांच्या हातात असतो. तो खरा असेल तसा द्यावा, दुसऱ्या कामासाठी अडवून धरू नये. ग्रामसेवकाने कपाटाची किल्ली घेऊन रजेवर जाऊ नये, फोन बंद ठेवू नये. शब्दाला शब्द लागला म्हणून सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल करायला धावू नये. मात्र अंगावर हात टाकला, दप्तर फाडलं, धमकी दिली, तर त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्याला कळवून पोलिसांत जावं. तिथे 'गावातलं गावात मिटवू' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये, बाई असेल तर मुळीच नाही. आणि चांगल्या सरपंचांनी, हात टाकणारा आपल्या गटाचा असला तरी, तिच्यासोबत ठाण्यात जावं. असे सरपंच मी पाहिले आहेत. त्यांच्या गावात पुढे वर्षानुवर्षं कुणी बदली मागून गेलं नाही.

बदली होताना

बदलीचा आदेश आला की कार्यभाराची यादी तीन प्रतींत करा: एक नव्या माणसाला, एक सरपंचांना, एक स्वतःला. प्रत्येक नोंदवहीचं शेवटचं वापरलेलं पान, पावतीपुस्तकांचे वापरलेले आणि कोरे नंबर, बँकेच्या पासबुकातली शेवटची नोंद, अपूर्ण कामांची मोजमापं, चालू असलेले कोर्टाचे दावे. नव्या माणसासोबत सरपंचांना घेऊन एकदा गाव फिरा, टाकी, विहीर, स्मशानशेड, शाळा, दलित वस्तीतली गटारं दाखवा. सरपंचांनी नव्या ग्रामसेवकासाठी पहिल्या मासिक सभेची तारीख त्याच दिवशी ठरवून द्यावी, म्हणजे तीन दिवसांची नोटीस काढायला त्याला वेळ मिळतो.